दुरुस्तीचा हिशेब

आमचे धुलाईयंत्र आमच्याकडे आले तेव्हाच चार वर्षे वापरलेले होते. २०१७ साली वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड बंगळुरूला हलले, तेव्हा त्यांनी ते साडेतीन हजारांत दिले. दोन टबांचे, अर्धस्वयंचलित. एका टबात कपडे घुसळायचे आणि मग ते आपल्याच हातांनी उचलून शेजारच्या टबात टाकायचे. या दुसऱ्या टबाला घरोघरी 'ड्रायर' म्हणतात. वास्तविक तो काही वाळवत नाही, त्यात उष्णताच नसते. मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे घेऊन तो कपड्यांतले पाणी बाहेर फेकतो, म्हणजे पिळतो. 'पिळणे' हे चोख क्रियापद हाताशी असताना आपण इंग्रजी, आणि तेही चुकीचे, नाव का उचलले याचे मला नेहमी नवल वाटे. असो.

हा टब बंद पडल्याचे मला गेल्या महिन्यात कळले. एका रविवारी चादर टाकली, तर नुसताच गुणगुणाट आणि किंचित जळका वास. दुरुस्तीवाल्याने मागचे झाकण काढून दाखवले. टबाच्या बुडाशी, फिरणाऱ्या दांड्याभोवती, रबराचे एक सील असते. ते झिजले की पाणी दांड्यावरून थेंबाथेंबाने खालच्या मोटरवर उतरते. दांडा गंजतो, बुश घासते आणि एक दिवस मोटर अडून बसते. "साहेब, सील वेळेवर बदललं असतं तर दोन-तीनशेत काम होतं. आता मोटरच गेली." मोटर, सील, ब्रेकची तार आणि मजुरी मिळून २,४०० रुपये. शिवाय धुण्याच्या बाजूचा गिअरबॉक्सही आवाज करत होता. "वर्षभर जाईल. पुढचं मी सांगत नाही."

मी हिशेबाला बसलो. दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या निम्म्याहून अधिक असेल तर नवी घ्यावी, असा एक ढोबळ नियम सांगतात. त्या कसोटीला २,४०० सहज उतरत होते. पण मूळ साडेतीन हजारांच्या वस्तूवर एवढे घालायचे, आणि वर्षाने गिअरबॉक्स गेला म्हणजे? टाकून द्यावे तर तेही मनाला पटेना. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी ई-कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे खरी, पण आमच्या दारावर येतो तो भंगारवाला. तो तांबे काढून घेईल. प्लॅस्टिकचे काय होईल ते मी विचारणार नाही आणि तो सांगणार नाही. शेवटी मला तिसरा मार्ग सुचला : धुण्याचा टब तर चालू आहे, पिळायचे तेवढे हाताने पिळावे. हा तोडगा मला फारच आवडला. त्यात काटकसर होती, पर्यावरण होते, वडिलांच्या पिढीचा चिवटपणाही होता. मी तो आईला ऐकवला.

"तेच करतेय की मी," आई म्हणाली. "दिवाळीपासून."

घरघर सुरू झाली तेव्हाच तिने तो टब वापरणे सोडले होते. उगाच खर्च निघेल म्हणून बोलली नाही. चादरी ती नळाला अडकवून पिळत होती, दोन्ही टोके धरून, आधी एका बाजूने मग दुसऱ्या. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी तिला दोन वर्षांपासून दुखते. त्यासाठी आणलेला पट्टा स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेला असतो, कारण ओल्या कामात तो घालता येत नाही. तो खिळा मी रोज पाहतो. कपडे घुसळणे हे धुण्यातले त्यातल्या त्यात सोपे काम असते, मनगट खाते ते पिळणेच. म्हणजे या यंत्राचा जो भाग मी वगळायला निघालो होतो, तिच्या दृष्टीने यंत्र तेवढेच होते.

रूथ श्वार्त्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंचे 'मोअर वर्क फॉर मदर' हे १९८३ सालचे पुस्तक आहे. पूर्वी जे धुणे बाहेर जाई किंवा धोबिणीकडून करून घेतले जाई, ते यंत्रांमुळे घरात परत आले आणि गृहिणीच्या माथी बसले, असे त्या दाखवतात. पुस्तक वाचताना मला ते फार पटले होते. यंत्र येण्यापूर्वी आमच्याकडे धुण्याला एक बाई येत. महिना सातशे रुपये. यंत्र आल्यावर आम्ही त्यांना नको म्हणालो, आणि पाच महिन्यांत यंत्राची किंमत वसूल झाली, असे मी तेव्हा चारचौघांत सांगत असे. त्या बाई पुढे दोन गल्ल्या सोडून पोळ्यांच्या कामाला लागल्या, एवढेच कळले. त्यांचे धुणे कोणाकडे आले, हा प्रश्न मला पडला नव्हता.

मग मी ताठ्यात पूर्ण स्वयंचलित यंत्राची गोष्ट काढली. ती आईने एका वाक्यात निकालात काढली. आमच्याकडे पाणी सकाळी दोन तास येते, त्यालाही दाब नसतो. हे यंत्र बादलीने भरता येते, आणि पहिल्या कपड्यांच्या साबणाच्या पाण्यात तिची पायपुसणी निघतात. "नवं तुझ्यासाठी घे," ती म्हणाली, "मला हेच नीट करून दे."

गुरुवारी मोटर बदलली. जुने सील दुरुस्तीवाल्याने माझ्या हातावर ठेवले. तळहातात मावणारे, काळे, एका बाजूने चिरलेले. शनिवारचे धुणे मी माझ्याकडे घेतले आहे. पहिल्याच शनिवारी कपडे एका अंगाला कोंबले गेले आणि यंत्र थडथडत जागचे हातभर सरकले. आई बाहेरून ओरडली, "अरे, वरची जाळी ठेवली नाहीस!"