शाळेची तबकडी

धान्य शेतात पिकले म्हणून घरातील कणगी आपोआप भरत नाही. ते कापावे, मळावे, उफणावे लागते. तेव्हा कोठे ते वर्षभर पुरते. मोबाईलवर टिपलेल्या चलच्चित्रांचे, तुम्ही ज्यांना ‘क्लिप’ म्हणता त्यांचे, अगदी तसेच आहे. हल्ली पीक उदंड येते. पण कणगीत फार थोडे जाते.

नेवासे तालुक्यातील ज्या शाळेतून मी निवृत्त झालो, तिच्या माजी विद्यार्थ्यांनी एकदा ठरविले की, शाळेची सर्व चित्रे एकत्र करून त्यांची डीव्हीडी करावी. निवड करण्याचे काम माझ्याकडे आले. स्नेहसंमेलने, सहली, वृक्षारोपण, कबड्डीचे सामने अशा दोनशेहून अधिक क्लिपा जमल्या. कोणाची मोबाईलमध्ये होती, कोणाची मेमरी कार्डावर; आणि बहुतेकांवर ना तारीख होती, ना नाव. प्रथम आम्ही प्रत्येक क्लिपेला वर्ष आणि प्रसंग यांचे नाव दिले. निनावी आठवण ही पत्ता नसलेल्या पत्रासारखी असते. ती असूनही कोणाला पोचत नाही.

लग्नसमारंभांचे चित्रण करणारा आमचा एक माजी विद्यार्थी संगणकावर बसला. एक क्लिप पाहून तो म्हणाला, “सर, ही काढून टाकू का? हात हालला आहे आणि अवघी बारा सेकंदांची आहे.” मी पाहिले. पडवीत आमचे शिपाईमामा घंटेचे टोल देत होते. टोल देऊन झाल्यावर ते वळले आणि चित्र घेणाऱ्या मुलाला हसत म्हणाले, “पळ, वर्गात जा!” मामांना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. त्यांचा आवाज दुसऱ्या एकाही क्लिपेत नव्हता, आणि ज्या मोबाईलमध्ये ही होती तो त्या आठवड्यात विकला जाणार होता. मी म्हणालो, “बाकीचे काहीही गाळ, हे गाळू नकोस.”

पुढचे काम मोठे मौजेचे होते. कोणती क्लिप उभी, कोणती आडवी. कोणाचा आवाज मोठा, कोणाचा बारीक. मोबाईल बहुधा सेकंदाला तीस चित्रे टिपतो, तर आपल्याकडील डीव्हीडीला सेकंदाला पंचवीस लागतात. आणि प्रत्येक चित्र आडवे ७२० व उभे ५७६ ठिपक्यांचे असावे लागते. म्हणून साऱ्या क्लिपा आधी एकाच साच्यात ओतल्या. साध्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट एवढी जागा असते. चित्र चांगले दिसावे असे वाटत असेल, तर तीत सुमारे दोन तासांचाच ऐवज मावतो. म्हणूनच निवड करावी लागली. मग वर्षवार प्रकरणे पाडली आणि आरंभी अनुक्रमणिका घातली.

शेवटी तबकडी ‘राइट’ केली. हा शब्द मला फार आवडला, कारण ते खरोखरच एक लेखन असते. तबकडीत सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो. तांबड्या लेसर किरणाची लेखणी त्यावर आतून बाहेर फिरत बारीक खुणा उमटवीत जाते. त्या ओळी इतक्या दाट असतात की, एका मिलीमीटरच्या रुंदीत तेराशेहून अधिक मावतात!

पहिली प्रत आम्ही मामांच्या घरी नेली. टोल ऐकताच मामी पदर सावरून उठून बसल्या. त्यांच्या नातवाने आजोबांना पाहिलेले नव्हते. तो पडद्याजवळ जाऊन म्हणाला, “पुन्हा लावा!” ती बारा सेकंदे त्या दिवशी किती वेळा लावली, ते मी मोजले नाही.

आमच्या नेवाशाला ही गोष्ट नवी नाही. याच गावी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. प्रतींवरून प्रती होत गेल्या, तसे त्यांत पाठभेद शिरले. पुढे १५८४ साली पैठणच्या एकनाथमहाराजांनी निरनिराळ्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. नकलून घेणारे हात होते, म्हणून ग्रंथ टिकला. उलट दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ सालचा. पण आज त्याचा काही भागच पाहावयास मिळतो.

तेव्हा तबकडी केली म्हणजे काम संपले, असे मात्र समजू नका. ऊन आणि उष्णता यांनी तिचा रंग बिघडतो, ओरखड्यांनी ती अडखळते. आणि नव्या संगणकांत तर ती घालावयाची जागाही बहुधा नसते. शिवाय साचा बदलताना मूळ चित्रातील थोडी स्पष्टता जाते. म्हणून मूळ क्लिपाही जपाव्यात, दोन प्रती दोन निराळ्या घरी ठेवाव्यात आणि काही वर्षांनी नव्या साधनावर त्या पुन्हा उतरवून घ्याव्यात. मुलांनो, टिपण्याचे काम यंत्र करील. परंतु काय राखावे हे ओळखणे आणि राखलेले पुढच्या हाती देणे, ही कामे माणसाचीच आहेत.