कात्रणे

(द्वितीय वर्ष, कला)

‘कात्रण’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, हे मला कॉलेजात येईपर्यंत ठाऊक नव्हते. आमच्या माण तालुक्यातल्या गावात कात्रण म्हणजे शिंप्याच्या मशीनखाली पडलेले कापडाचे तुकडे. शनिवारची सकाळची शाळा सुटली की पिशवी घेऊन मी शिंप्याच्या दुकानी जात असे आणि आठवड्याची कात्रणे भरून आणत असे. गेल्या वर्षी ‘कमवा व शिका’ योजनेत मला ग्रंथालयाचे काम मिळाले. पहिल्याच दिवशी ग्रंथपाल सरांनी कात्री आणि खळीची वाटी पुढे ठेवली आणि म्हणाले, “आजपासून कात्रणे तुझ्याकडे.” मी इकडेतिकडे कापड शोधू लागले. सरांनी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवले, तेव्हा शेजारच्या मुली तोंडाला पदर लावून हसल्या. मलाही हसू आले. म्हटले, चला, आईचा आणि माझा धंदा अखेर एकच निघाला!

आई गोधड्या शिवून देते. खाली जुने लुगडे अंथरायचे, मध्ये जुन्या कपड्यांचे थर द्यायचे, वर जोडलेल्या तुकड्यांचे कापड घालायचे आणि कडेपासून धावदोरा घालत घालत मधल्या भागाकडे जायचे. मोठी गोधडी घरचे सारे आवरून शिवायची म्हणजे महिना सहज जातो. लेकराची लहान गोधडी आठ दिवसांत होते. या लहान गोधड्यांवर आई मोर, कमळ, कैरी, चिमण्या असे आकार कापडातून कापून शिवते. त्यामुळे आजूबाजूच्या चार गावांत तिची गोधडी ओळखू येते.

या आकारांसाठी कागदी नमुने लागतात. ते आई सिमेंटच्या पिशवीच्या कागदातून, लग्नपत्रिकांतून आणि सरलेल्या कॅलेंडरांतून कापते. शिवाय तिच्याकडे मासिके आहेत. मी पहिलीत असताना आमच्या शाळेतल्या बाईंची बदली झाली. जाताना त्यांनी बायकांच्या जुन्या मासिकांचा एक गठ्ठा आईला दिला. त्यांत भरतकामाचे आणि विणकामाचे नमुने होते. आईला वाचता येत नाही. पण चित्रांवरून बोट फिरवत ती तासन् तास बसे आणि दुसऱ्या दिवशी ते चित्र कापडावर उतरलेले असे. नमुने, मासिके, चिंध्या, दोरे असा सारा संसार कॉटखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत कोंबलेला असायचा. निदान मला तो कोंबलेलाच दिसायचा.

इकडे ग्रंथालयात माझे डोळे उघडत होते. ग्रंथपाल सर काम करता करता शिकवतात. अमेरिकेतल्या मेल्विल ड्यूईने १८७६ साली साऱ्या ज्ञानाचे दहा वर्ग पाडून त्यांना आकडे दिले. त्या पद्धतीत कापडाच्या कलांचा आकडा ७४६ आणि गोधडीचा ७४६.४६. हे ऐकले त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या आईच्या गोधडीला जगातल्या ग्रंथालयांत जागा राखून ठेवलेली आहे, आणि हे तिला कुणी सांगितलेले नाही! पुढे डॉ. रंगनाथनांचे १९३१ चे पाच नियम सरांनी पाठ करून घेतले. ग्रंथ वापरासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. मी ते घडाघडा म्हणून दाखवले आणि सरांनी पाठ थोपटली.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले ती ही विद्या घेऊनच. वसुबारसेच्या दिवशी ट्रंक ओढून काढली. आई म्हणाली, “राहू दे गं, कशाला पसारा?” पण तिच्या चेहऱ्यावर कौतुकही होते. शिकलेली लेक आपल्या कामाला हात लावते आहे, याचे तिला बरे वाटत असावे.

चार दिवस मी राबले. मासिकांच्या पिना गंजून पानांवर तांबूस डाग उतरले होते. त्या सगळ्या काढल्या आणि अंक पांढऱ्या दोऱ्याने शिवले. कागद सावलीत वाऱ्यावर ठेवले, कारण कडक उन्हात जुना कागद पिवळा पडून तडकतो. कसर झटकली, ट्रंकेच्या तळाशी वाळवलेला कडुलिंबाचा पाला घातला. मासिके वर्षाप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे लावली. नमुन्यांचे वर्ग पाडले: पक्षी, फुले, वेली, कडा, कोपरे. प्रत्येक वर्ग खाकी पाकिटांत घातला, पाकिटांवर आकडे टाकले आणि दोनशे पानी वहीत सगळ्याची नोंद केली. नमुन्यांना गुंडाळलेल्या चिंध्या, मासिकांच्या पानांत अडकलेले रंगीत दोरे, गाठी मारलेल्या सुतळ्या हा सारा कचरा मी वेगळा केला. चिंध्या गोधडीच्या थरांत गेल्या, दोरे आणि सुतळ्या चुलीत. भाऊबीजेला ट्रंक बंद केली, तेव्हा ती आमच्या ग्रंथालयातल्या कपाटासारखी दिसत होती. आईने वही हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि देवघरातल्या फळीवर ठेवली.

संक्रांतीला पुन्हा घरी गेले. आई विहिरीवर गेली होती. धाकटा भाऊ म्हणाला, “तायडे, आईनं सांगू नगं म्हटलंय, पण सांगतो.”

मार्गशीर्षात साताऱ्याहून एका घरचे बोलावणे आले होते. नातवाचे बारसे होते. थोरल्या नातवाला आईने मोराची गोधडी शिवली होती. धाकट्याला हुबेहूब तशीच हवी होती. त्यांनी जुन्या गोधडीचा फोटो मोबाईलवर पाठवला आणि पाचशे रुपये आगाऊ दिले. फोटोत मोर दिसतो, पण त्याचे माप दिसत नाही. त्यासाठी मूळ नमुनाच हवा. आईने ट्रंक उघडली. आत सगळी पाकिटे एकसारखी, खाकी. शेजारच्या पोराला बोलावले. त्याने वही वाचून दाखवली, “पक्षी, क्रमांक चार ते एकोणतीस.” पण त्या सव्वीस पाकिटांतून साताऱ्याचा मोर कोणता, हे वहीत कुठे होते? मोर सात निघाले. दोन दिवस शोधण्यात गेले. तिसऱ्या दिवशी आई नवा मोर कापायला बसली, पण मान जमेना. पाचव्या दिवशी तिने पाचशे रुपये परत पाठवले. ते पैसे माझ्या परीक्षेच्या फॉर्मसाठी धरलेले होते. मला फॉर्मचे पैसे वेळेवर मिळाले होते. ते चार कोंबड्या विकून आलेले होते, हे मला भावाने सांगितले.

आई आली. मी विचारले. तिने घागर उतरवली, पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, “जाऊ दे. तू चांगल्यासाठीच केलंस.” मी म्हटले, “पण वहीत सगळं लिहिलं होतं ना!” तेव्हा ती हसली. रागावली असती तर बरे झाले असते. म्हणाली, “आगं पोरी, मला वाचाय येत न्हाय, ह्ये तुला ठावं न्हवतं व्हय?”

मला ठावं होतं. जन्मापासून ठावं होतं. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तिचा अंगठा मीच धरून उमटवत असे. आणि तरी चार दिवस मी जे केले, त्यात एकदाही ही गोष्ट माझ्या मनात आली नाही. पाच नियम घडाघडा म्हणणाऱ्या मला ‘वाचक’ म्हणजे वाचणारा माणूसच दिसत होता.

त्या रात्री तिळाच्या वड्या थापता थापता मी विचारले, “तू आधी कसं शोधायचीस?” मग तिने सांगितले, आणि मी ऐकत गेले तसतशी मान खाली जात गेली.

ज्या गोधडीसाठी नमुना कापला, तिचाच एक तुकडा त्या नमुन्याला गुंडाळलेला असे. तुकडा हाताला लागला की गोधडी आठवे, गोधडी आठवली की घर आठवे. नमुन्याची सुतळी हे त्याचे माप होते. जितक्या गाठी तितक्या वितींची गोधडी. मासिकांच्या पानांतले दोरे मुद्दाम घातलेले होते. तांबडा दोरा कडेच्या नक्षीला, हिरवा वेलबुट्टीला, पिवळा पाखरांना. म्हणजे वर्गीकरण होते, मापाची नोंद होती, खुणा होत्या. आकडे तिला ओळखता येतात, पण माझा आकडा कुणाच्या घरचा हे तिला सांगत नव्हता. तिची चिंधी सांगत होती. ती यादी मी वाचू शकले नाही आणि कचरा म्हणून चुलीत घातली. त्या घरात त्या चार दिवसांत निरक्षर कोण होते, हा प्रश्न मी स्वतःला विचारला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ट्रंक घेऊन बसलो. खाकी पाकिटे काढून टाकली. जुन्या पातळाच्या लहान लहान पिशव्या शिवल्या. कापडात हवा खेळते, त्यामुळे कागदाला ओल धरत नाही. एकेक नमुना मी उलगडायची आणि आई आठवायची. “ही म्हसवडच्या मास्तरांची. ही माझ्या भनीच्या पोरीची.” ज्या गोधडीचे कापड घरात उरले होते, त्याचा तुकडा पिशवीच्या तोंडाशी शिवला. नसेल तिथे आईने रंग सांगितला आणि तसा दोरा घातला. आत एका चिठ्ठीवर मी माझाही आकडा लिहिला. उद्या धाकट्याच्या बायकोला हे काम पुढे चालवायचे झाले आणि तिला वाचता येत असले, तर तिलाही सापडले पाहिजे. साताऱ्याचा मोर पाचव्या पिशवीत निघाला. आईने तो हातात धरला आणि काही न बोलता बाजूला ठेवला.

कॉलेजात परतल्यावर हे सारे ग्रंथपाल सरांना सांगितले. सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तालिकेच्या कपाटापाशी पहिल्या वर्षाची मुले घुटमळतात, ती काय शोधतात ते एकदा विचारून बघ.” तेव्हापासून तिथे कुणी उभे राहिलेले दिसले की मी उठून जाते. पुष्कळांना पुस्तकाचे नाव ठाऊक नसते, लेखकाचे नसते. “निळ्या पुठ्ठ्याचं, सरांनी वर्गात आणलं होतं ते,” असे सांगतात. पूर्वी मला हसू येत असे. आता मी निळ्या पुठ्ठ्याचे पुस्तक शोधते.

ट्रंकेत अजून अकरा पिशव्या तुकड्यावाचून आहेत. त्यांतले नमुने कुणासाठी कापले होते, ते आईला आठवत नाही. आठवण करून देणाऱ्या चिंध्या मी गोधडीत घातल्या, आणि ती गोधडी विकली गेली. त्या अकरांतला एक माझ्या दुपट्याचा असावा, असे आई म्हणते. कोणता, ते मात्र ती नक्की सांगू शकत नाही.