अकरा महिन्यांची शांतता

कोथरूडमधल्या जुन्या सोसायट्या एकामागून एक रिडेव्हलपमेंटला जाऊ लागल्या, तेव्हा एक साधी गोष्ट कुणी हिशेबात धरली नव्हती. एका इमारतीतली सगळी कुटुंबं एकाच महिन्यात भाड्याचं घर शोधायला बाहेर पडतात, शेजारच्या गल्लीतलीही त्याच महिन्यात तेच शोधत असतात, आणि बिल्डरनं करारात लिहून दिलेलं भाडं दोन वर्षांपूर्वीच्या बाजारभावाचं असतं. मग माणसं पौड रस्त्यानं पश्चिमेला सरकतात. चांदणी चौक ओलांडला की बावधन. तिथंही जमेना, की भूगाव. आम्हीही असेच सरकत आलो. कागदोपत्री आम्ही कोथरूडचे फ्लॅटमालक. तो फ्लॅट सध्या हवेत आहे आणि आम्ही मुळशी तालुक्यात भाडेकरू आहोत.

चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटानं पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवा उड्डाणपूल खुला झाला, आणि भूगाव ‘लांब’ राहिलं नाही. निदान जाहिरातींत तरी नाही. प्रत्यक्षात गावठाणातून जाणारा रस्ता आहे तेवढाच अरुंद आहे. पिरंगुटच्या कारखान्यांचे कंटेनर, डंपर, शाळांच्या बस आणि शनिवारी मुळशीकडे भिजायला निघालेली तरुण मंडळी, सगळे त्याच चिंचोळ्या रस्त्यातून जातात. त्या रस्त्यावरून आत वळलं, की मात्र आवाज एकदम मागे पडतो. डोंगर जवळ येतो. पुणेकर ज्या रामनदीला पाषाण-बाणेरात नाला समजून नाक दाबतात, तिचा उगम इकडचाच, खाटपेवाडीच्या बाजूचा. मानस तलावाच्या काठी सकाळी टिटव्या ओरडतात. घर दाखवायला आणलेल्या एजंटनं खिडकी उघडली आणि काही न बोलता नुसता उभा राहिला. आपला माल कोणता, हे त्याला बरोबर कळत होतं.

ही शांतता कशाची आहे, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता. घर लागल्यावर हळूहळू करू लागले.

आधी करार. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. मालक, आम्ही दोघं आणि दोन साक्षीदार, असे पाचजण एका टीपॉयभोवती कॅमेऱ्याकडे बघत बसलो. २०२१ साली महापालिकेत तेवीस गावं गेली, त्यांत बावधन बुद्रुक गेलं. भूगाव ग्रामपंचायतच राहिलं. त्यामुळे नोंदणी फी शहरातल्या हजाराऐवजी पाचशे. एवढाच खेड्याचा फायदा, असं मालक म्हणाला. मग यादी वाचून झाली: पंखे, ट्यूब, गीझर, दरवाजाच्या किल्ल्या. शेवटी कलम आलं, भिंतींना खिळे ठोकू नयेत. आणि मुदत अकरा महिने.

या अकराची कथा मजेशीर आहे. वर्षागणिक चालणारा किंवा एक वर्षाहून मोठ्या मुदतीचा भाडेपट्टा नोंदवायलाच हवा, असं जुना नोंदणी कायदा सांगतो. म्हणून एक महिना कापायचा आणि नोंदणी चुकवायची, ही पळवाट. महाराष्ट्रात ती १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं बुजवली. ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. म्हणजे अकरा महिन्यांचं मूळ कारण संपून पाव शतक होऊन गेलं. अकरा महिने मात्र हटायला तयार नाहीत. आता ती सवय आहे, आणि सवयीमागे भीती आहे. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दुप्पट रक्कम भरायची, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही, या धास्तीतून ती आली.

ती धास्ती खोटी नव्हती, हे मी सांगू शकते, कारण न निघणाऱ्या भाडेकरूंच्या घरातच मी वाढले. सदाशिव पेठेत वाड्यात आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली होती. युद्धानंतरच्या टंचाईत लोक रस्त्यावर येऊ नयेत म्हणून केलेला तो उपाय पुढं अर्धशतक टिकला. भाज्यांचे, सोन्याचे, शाळेच्या फीचे भाव वाढत गेले. वाड्याचं भाडं जागचं हललं नाही. मालक कौलं बदलेना, आम्ही जागा सोडेना. माती झडत गेली, लाकडांना टेकू लागले. ही प्रमाणभाड्याची व्यवस्था आता वाजवी उरलेली नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९७ साली म्हटलं, तोवर पुण्यातले कितीतरी वाडे टेकूंवर उभे होते. आणि १ फेब्रुवारी १९७३ ला ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहणाऱ्या ज्या लोकांचा करार चालू होता, त्यांना एका दुरुस्तीनं भाडेकरूचं संरक्षण मिळालं, तेव्हा तर कित्येकांनी घर कुणाला देण्यापेक्षा कुलूप लावून ठेवणं पत्करलं.

पण मला सांगायचं आहे ते वाड्यातल्या आवाजाबद्दल. आमच्या वाड्यात भांडणं अखंड चालायची. पाच वाजताच्या नळावरून, जिन्यातल्या दिव्याच्या बिलावरून, गच्चीत पापड कुणी कुठं वाळत घालायचे यावरून. मालकाशी तर कोर्टातच बोलणं व्हायचं. तो खटला बापाकडून मुलाकडे वारशानं यायचा. समोरच्या बिऱ्हाडाशी आमचा वर्षानुवर्षं अबोला होता, आणि तरी माझ्या आजीला रात्री धाप लागली तेव्हा रिक्षा आणायला त्यांचाच मुलगा पळाला. उद्या, परवा, दहा वर्षांनी हीच तोंडं दिसणार हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच भांडण परवडत होतं. मिटवायला आयुष्य पडलं होतं.

भूगावच्या आमच्या मजल्यावर चार फ्लॅट. चारही भाड्यानं दिलेले. वरच्या घरात रात्री साडेअकराला कुणीतरी खुर्च्या ओढतं. आम्ही काही बोलत नाही. ते आमच्या कुकरच्या शिट्ट्यांबद्दल काही बोलत नाहीत. लिफ्टमध्ये भेटलो की सगळे मोबाइलकडे बघून गोड हसतात. कशाला बोलायचं? पुढच्या अकरा महिन्यांत एक तर तो जाईल, नाहीतर आपण. मागच्या बाजूच्या लॉनवर लग्नसराईत डीजे वाजतो, त्यालाही आम्ही खिडक्या लावून घेतो. तक्रार करायला जातात ते गावठाणातले लोक. ते सरपंचाला एकेरीत हाक मारू शकतात, कारण त्यांची शाळा एक होती.

गावठाणात मी भाजीला जाते तेव्हा हा फरक कानांना जाणवतो. तिथं बांधावरून, पाइपलाइनवरून, उरुसाच्या वर्गणीवरून मोठमोठ्यानं बोलणं चाललेलं असतं. २०१७ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा याच गावात झाली, अभिजीत कटके जिंकला, आणि त्या गर्दीची गोष्ट किराणा दुकानदार अजून काल घडल्यासारखी सांगतो. एक किलोमीटरवरच्या आमच्या सोसायटीत ती ऐकून ठाऊक असलेला माणूस सापडायचा नाही. एकाच ग्रामपंचायतीत दोन गावं आहेत. एक बोलतं, दुसरं भाडं भरतं.

माझी भाचीही भाड्याच्याच घरात राहते, ॲमस्टेलव्हेनमध्ये, ॲमस्टरडॅमला लागून. तिथं मराठी कुटुंबं इतकी झाली आहेत की गणपतीत मोदकांचे साचे एकमेकांकडे फिरतात, म्हणे. तिनं घर घेतलं तेव्हा व्हिडिओ कॉलवर दाखवलं आणि मी हबकले. जमीन नुसती सिमेंटची, उघडी. पडदे नाहीत, दिवे नाहीत, छतातून वायरी लोंबतायत. तिकडे बरीच घरं अशीच देतात. लाकडी फरशी भाडेकरूनं आणायची, आणि जाताना पुढच्याशी सौदा जमला नाही तर उखडून न्यायची. आमच्याकडे खिळ्याला बंदी. तिच्याकडे पायाखालची जमीनसुद्धा तिची. मला ते आधी कंजूषपणाचं वाटलं. मग तिचा करार ऐकला. त्याला शेवटची तारीखच नव्हती. १ जुलै २०२४ पासून तिथले नवे करार, काही अपवाद वगळता, बेमुदतच करावे लागतात. मालकाला मनात आलं म्हणून काढता येत नाही. कायद्यात दिलेलं कारण लागतं. अनामत रकमेला दोन महिन्यांच्या मूळ भाड्याची मर्यादा आहे. बऱ्याच घरांचं कमाल भाडं गुणांवर ठरतं: क्षेत्रफळाचे गुण, स्वयंपाकघराचे, वीज-गॅस किती कमी लागतो त्याचे. वाद झाला तर भाडे आयोगाकडे जायचं.

तिची गल्लीही शांत आहे. विटांची घरं, सायकली, मोठ्या काचा आणि त्यांना दिवसाउजेडी पडदे नाहीत. पण त्या शांततेत ती भलतीच भांडखोर झाली आहे. बॉयलर नीट चालत नव्हता, तेव्हा तिनं मालकाला लेखी नोटीस दिली आणि पुढच्या फोनवर आयोगाची प्रक्रिया मला अशी समजावून सांगितली, जशी माझी आई खटल्याची तारीख सांगायची. कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यांवरून शेजारच्या आजोबांशी तिची खणाखणी झाली. नंतर त्याच आजोबांनी तिला बागेतले कांदे दिले, ट्यूलिपचे, लावायचे. पुण्यात असताना हीच मुलगी रिक्षावाल्यानं दहा रुपये जास्त मागितले तर गुपचूप देऊन टाकायची.

हे ऐकून डच कायदा उचलून इथं आणावा, असं मी म्हणणार नाही. नव्या नियमांनंतर तिथल्या अनेक मालकांनी घरं विकायला काढली. नवीन येणाऱ्या माणसाला भाड्याचं घर मिळणं आधीच कठीण होतं, ते आणखी कठीण झालं. भाची लवकर पोचली म्हणून आत आहे; तिच्या मागून गेलेला मित्र अजून कुणाच्या तरी माळ्यावर राहतो. आमचा वाडाही असाच होता, आत असलेल्यांना किल्ला आणि बाहेरच्यांना बंद दरवाजा. फक्त इतकं दिसतं, की ज्याला उद्या काढता येत नाही तो आज तोंड उघडतो.

मग वाटतं, हेही पूर्ण खरं नाही. याच रस्त्यानं पौडच्या पुढं गेलं की मुळशी धरण. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी ते बांधायला घेतलं, तेव्हा १९२१ मध्ये, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यात होते. त्या जमिनींपैकी बऱ्याच जमिनी कागदावर पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होत्या, आणि आंदोलन पुढं गेलं तसे सावकार मोबदल्याच्या हिशेबाला लागले. ज्यांच्या नावावर काही नव्हतं, नुसते कसत होते आणि राहत होते, ते कामावर आडवे पडले. सुरक्षिततेचा कागद हातात असला की माणूस बोलतो, हे माझं सूत्र इथं उलटं होतं. कागदवाले पैसे मोजत होते, बिनकागदवाले भांडत होते. आम्हा भाडेकरूंकडे कागद नाही आणि दुसरीकडे जायची सोयही आहे. त्यामुळे आम्ही दोन्हींत बसत नाही. गप्प बसायला याहून सोयीची जागा कुठली?

आमच्या मालकाकडे मात्र कागद आहे आणि तरी तो अस्वस्थ असतो. जमीन बिल्डरला विकसनाला दिली, बदल्यात तीन फ्लॅट मिळाले. स्वतः तो गावठाणातल्या जुन्या घरातच राहतो. जमीन विकलेल्यांचं पुढं काय होतं, ते ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटात सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. याचं तसं काही झालेलं नाही. भाड्यावर बरं चाललंय. त्याची आई कधीतरी संध्याकाळी आमच्या आवारात येऊन बसते. एकदा तिनं मला हात धरून पार्किंगमध्ये नेलं. ‘‘ताई, हितं आमचं खाचर. इंद्रायणी लावायचो. त्या पांढऱ्या गाडीपाशी चिखल असा, गुडघ्याएवढा.’’ पांढरी गाडी तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूची होती. मी विचारलं, आता इथं आल्यावर कसं वाटतं. ‘‘वाटायचं काय? वॉचमन नाव विचारतो.’’

मागच्या महिन्यात सोसायटीची बैठक लागली. विषय एकच, टँकर. उन्हाळ्यात इथं टँकरवरच भिस्त असते, आणि त्याचा खर्च फ्लॅटमागे सारखा वाटावा की माणशी, यावर ठराव होता. सहकारी सोसायटीत सभासद मालक. भाडेकरूला मत नाही. आणि फ्लॅट भाड्यानं दिला म्हणून मालकाकडून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत जादा आकार घेता येतो, तो आमच्या भाड्यात आधीच मिसळलेला असतो. म्हणजे पाणी आम्ही वापरणार, पैसे आम्हीच देणार, हात वर करणार दुसराच. अध्यक्षांनी सुरुवातीलाच सौजन्यानं सांगितलं, की भाडेकरूंनी बसायला हरकत नाही, फक्त चर्चेत भाग घेऊ नये.

पंधरा मिनिटं आम्ही घेतलाही नाही. मग आमच्या वरच्या मजल्यावरचा, खुर्च्या ओढणारा मुलगा उठला. लातूरचा आहे, हे तेव्हा कळलं. तो म्हणाला, टँकरचं पाणी मी लहानपणापासून मोजत आलोय. तुम्ही दहा हजार लिटर लिहिलेला टँकर टाकीत किती भरतो, ते कुणी बघितलंय का? कुणी बघितलं नव्हतं. खजिनदार म्हणाले, हा प्रश्न अजेंड्यावर नाही. मी म्हटलं, मग अजेंड्यावर घ्या. माझ्या आवाजात आईचा आवाज आला, त्याचं मला हसू आलं, पण थांबवलं नाही. आमचा मालक मागच्या रांगेतून म्हणाला, ‘‘काकू बरोबर बोलतायत.’’ त्यावर दुसऱ्या एका मालकानं विचारलं, की तुम्ही सभासद म्हणून बोलताय की गाववाले म्हणून, आणि मग जुनी विहीर कुणी बुजवली इथपर्यंत सगळं निघालं. मीटर, वॉचमनचा पगार, टेरेसवरची गळती. कुणीतरी कुकरच्या शिट्ट्यांचंही नाव काढलं.

साडेदहापर्यंत आरडाओरडा चालला. ठराव झाला नाही. पुढच्या रविवारी टँकर येईल तेव्हा टाकीपाशी उभं राहून मोजायचं ठरलं. मोजायला लातूरचा मुलगा, मालकाची आई आणि मी.