कल्प्रिट : दप्तरातल्या संक्षेपातून उभा राहिलेला आरोपी

इंग्रजीत दोषी माणसासाठी सर्रास वापरला जाणारा ‘कल्प्रिट’ हा मुळात शब्दच नव्हता. न्यायालयाच्या दप्तरातले दोन संक्षेप एकमेकांना चिकटून तो तयार झाला, अशी त्याची सर्वाधिक मान्यता पावलेली व्युत्पत्ती आहे. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर तेथील न्यायालयांत फ्रेंच भाषा रुजली आणि तोंडी युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा १३६२ मध्ये होऊनही ‘लॉ फ्रेंच’, म्हणजे वकिलांपुरती उरलेली फ्रेंच परिभाषा, पुढे कित्येक पिढ्या टिकून राहिली. आरोपीने गुन्हा नाकारला की राजाच्या वतीने न्यायालयाचा लेखनिक याच भाषेत प्रत्युत्तर देई : हा दोषी आहे, आणि आमचा आरोप सिद्ध करण्यास आम्ही सिद्ध आहोत. यातला दोषवाचक ‘कल्पेबल’ आणि सज्जतावाचक ‘प्रेस्त’ किंवा ‘प्रित’ यांचे दप्तरात ‘कल. प्रिट’ एवढेच उरले, आणि फ्रेंचचे भान सुटल्यावर तीच अक्षरे समोरच्या माणसाला हाक म्हणून वाचली जाऊ लागली. पेम्ब्रोकच्या सातव्या अर्लवर १६७८ मध्ये चाललेल्या खुनाच्या खटल्यात हे संबोधन प्रथम नोंदलेले आढळते.

या हाकेपाठोपाठ, न्याय कोणाकडून हवा, असा प्रश्न येई आणि सामान्य आरोपीला ‘देवाकडून आणि देशाकडून’ असे ठरावीक उत्तर द्यावे लागे. येथे देश म्हणजे ज्यूरी. गंभीर गुन्ह्याचा आरोपी मुद्दाम गप्प राहिला, तर त्याला जमिनीवर उताणे निजवून छातीवर लोखंडाची आणि दगडांची वजने चढवीत, आणि ही रीत १७७२ पर्यंत कायद्यात होती.

इंग्लिश कायद्याचा भाष्यकार ब्लॅकस्टोन याने १७६९ मध्ये आपल्या ‘कॉमेंटरीज’च्या चौथ्या खंडात या संक्षेपाची फोड केली खरी, पण तोवर दोषवाचक लॅटिन ‘कुल्पा’च्या साहचर्याने ‘आरोपी’ हा अर्थ ‘अपराधी’कडे सरकू लागला होता. या स्थित्यंतरात हरवले ते नेमके मोलाचे होते : ‘प्रिट’मध्ये पुरावा देण्याची सरकारची हमी होती, आणि तीच विस्मरणात जाऊन दोष तेवढा माणसाच्या अंगाला चिकटला. १८२७ च्या कायद्याने ही प्रश्नोत्तरे अनावश्यक ठरवली. गुन्हा नाकारणे एवढेच ज्यूरीपुढे जाण्यास पुरेसे झाले. मात्र गंभीर गुन्ह्याच्या आरोपीच्या वतीने ज्यूरीपुढे भाषण करण्याचा पूर्ण अधिकार त्याच्या वकिलाला १८३६ मध्येच मिळाला.