समासातला सायर

सेनगावात हळद शिजवायचे दिवस होते. पहाटेच्या एसटीच्या खिडकीतून तो उग्र, ओला वास वाशीमपर्यंत सोबत आला असं वाटत राहिलं. मंगरूळपीर मागे पडलं आणि दुपारी कारंजा लाडला उतरलो. बरोबरची माणसं गुरुमंदिराकडे वळली, मी जैन मंदिरांची वाट विचारत निघालो.

कारंज्यात भट्टारकांच्या, म्हणजे जैन धर्मगुरूंच्या, तीन गाद्या होत्या: सेनगण, बलात्कारगण, काष्ठासंघ. देवळं वेगळी, पोथ्याही वेगळ्या. पुष्पदंत हा दहाव्या शतकातला मान्यखेटचा, म्हणजे आजच्या मळखेडचा कवी. त्याची अपभ्रंश काव्यं अभ्यासकांसमोर आली त्यात इथल्या भांडारांचा वाटा मोठा. प. ल. वैद्यांनी संपादलेलं ‘जसहरचरिउ’ १९३१ साली कारंजा जैन ग्रंथमालेतच निघालं.

राखणदार काकांनी पाटावर कापड अंथरलं आणि एक पान समोर ठेवलं. दोन्ही कडांना तांबड्या रेघा, मधोमध चौकोनी कोरी जागा. पूर्वी ताडपत्रातून दोरी ओवत, त्या भोकाची ही कागदावरची आठवण. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप. आमच्या हळदीचाच रंग! आणि समासात, मुंगीएवढ्या अक्षरांत, टिप्पण. ओळीत ‘सायर’, बाजूला ‘सागर’. ओळीत ‘लोयण’, बाजूला ‘लोचन’. कुणा शिष्याला शब्द अडला असेल, गुरूंनी सांगितला असेल. मी त्या ‘सागर’वरून नजर काढू शकलो नाही.

बाराव्या शतकातल्या युरोपातल्या मठांची कित्येक बायबलं अशीच असत. मधे ठळक मूळ वचन, भोवती आणि ओळींच्या फटीत बारीक भाष्य. फ्रान्समधल्या लां गावी अन्सेल्मच्या शाळेत या भाष्याची घडण सुरू झाली. मठ पोथीवर आपलं नाव घाली आणि कधीकधी चोराला शापही देई. आपल्याकडे मालकीची गोष्ट पुष्पिकेत, म्हणजे पोथीच्या शेवटच्या नोंदीत, सापडते: कोणत्या संवतात लिहिली, कुणी खर्च करून लिहवली, कोणत्या मुनींना दिली. याला शास्त्रदान म्हणत. पैसा श्रावक-श्राविकांचा, पोथी संघाची. मला हे नातं फार मोलाचं वाटतं, कारण देणाऱ्याचं नाव त्यात पुसलं जात नाही. आणि शापाच्या जागी बहुतेकदा पोथीच विनवते: मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधू नका.

काकांनी पान दोन फळ्यांमध्ये ठेवलं, बासन गुंडाळलं आणि गाठ मारून ती दोनदा ओढून पाहिली.