माझा आवडता खेळाडू : पुरस्कारांचा कर्शॉ आणि ऑक्टोबरचा कर्शॉ



‘माझा आवडता खेळाडू’ हा निबंध कधीच घेतला नाही असा मराठीचा शिक्षक शोधूनही सापडणार नाही. मी इकडे दक्षिण कॅलिफोर्नियात रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेते. दहा-अकरा मुलं आहेत, वय अकरा ते चौदा. बोलतात बरं, लिहायचं म्हटलं की तोंडं वाकडी. भारतात हा विषय दिला की सचिन, धोनी, विराट ठरलेले. आमच्याकडे निम्म्या वह्यांत एकच नाव आलं : क्लेटन कर्शॉ. २०२५ च्या सप्टेंबरात त्यानं निवृत्ती जाहीर केली होती आणि इथल्या घराघरात तोच विषय होता. निबंध वाचून दाखवताना वर्गात जे भांडण लागलं ते तीन रविवार पुरलं. त्या भांडणाबद्दलच आज लिहिते आहे.

ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पिचर म्हणजे आपला गोलंदाज, पण सामन्याचा निम्म्याहून जास्त भार या एकट्याच्या खांद्यावर. प्रत्येक संघ मोसमात १६२ सामने खेळतो. मुख्य पिचर साधारण पाच दिवसांतून एकदा चेंडू हातात घेतो, म्हणजे वर्षाला तीसेक सामने. पिचरची किंमत ‘ईआरए’वरून ठरते : नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर सरासरी किती धावा लागल्या. आकडा जितका कमी तितका पिचर चांगला. चारच्या आसपास असला तर ठीक, तीनच्या खाली असला तर उत्तम. मग ऑक्टोबरात वरचे संघ बाद फेऱ्या खेळतात आणि शेवटी वर्ल्ड सिरीज. या सामन्यांना ‘पोस्टसीझन’ म्हणतात. इथली माणसं नुसतं ‘ऑक्टोबर’ म्हणतात, आणि सगळ्यांना कळतं.

कर्शॉ आयुष्यभर एकाच संघाकडून खेळला, लॉस एंजेलिस डॉजर्स. डावखुरा. २००८ साली विशीत पदार्पण केलं. सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार त्याला तीनदा मिळाला : २०११, २०१३ आणि २०१४. २०११ ते २०१४ अशी सलग चार वर्षं ईआरएमध्ये तो सगळ्यांच्या पुढे. २०१४ चं वर्ष तर ऐकूनच घ्या. २१ विजय, ३ पराभव, ईआरए १.७७. जूनमध्ये एक अख्खा सामना असा टाकला की समोरच्या संघाला एकही हिट मिळाला नाही. त्या वर्षी साय यंगसाठी मतदान करणाऱ्या तीसही पत्रकारांनी त्यालाच पहिलं मत दिलं, वर लीगमधला सर्वात मौल्यवान खेळाडू हा किताबही. नॅशनल लीगमध्ये पिचरला तो किताब १९६८ नंतर पहिल्यांदाच मिळाला होता.

हे सगळं एका मुलीनं निबंधात छान लिहिलं होतं. वाचून संपायच्या आत मागून एक मुलगा म्हणाला, “पण तो चोकर आहे.”

मराठीत सांग म्हटलं, तर त्याला येईना. शेवटी मीच शब्द दिला, ऐनवेळी कच खाणारा. वर्ग हसला. एक मुलगी मात्र हसली नाही. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात ती कविता म्हणताना तिसऱ्या कडव्याला अडकली होती, आणि तिच्या आईनं चार जणांसमोर हेच शब्द वापरले होते, “घरी पोपटासारखी म्हणते हो, ऐनवेळी कच खाते.” आई प्रेमळ आहे, बोलायच्या ओघात बोलून गेली. पण शब्द चिकटतो. त्यामुळे हा वाद “चला, पुढचा निबंध” म्हणून मिटवायचा नाही, असं मी तिथंच ठरवलं.

आता त्या मुलाचं म्हणणं खोटं होतं का? नव्हतं. २०१३ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सविरुद्ध हरलो तर मोसम संपणार अशा सामन्यात कर्शॉनं सात धावा दिल्या, डॉजर्स ९-० ने हरले. पुढच्या वर्षी, त्या सोन्यासारख्या २०१४ मध्ये, पुन्हा तेच कार्डिनल्स. पहिल्या सामन्यात सहा इनिंगपर्यंत त्यानं फक्त दोन हिट दिले होते, संघ ६-२ ने पुढे. सातव्या इनिंगमध्ये सगळं ढासळलं. त्याच्या खात्यावर आठ धावा, सामना १०-९ ने गेला. चार दिवसांनी, नेहमीपेक्षा एक दिवस कमी विश्रांती घेऊन, तो चौथ्या सामन्यात उतरला. सहा इनिंग एकही धाव नाही. पुन्हा सातवी इनिंग, दोन जण बेसवर, आणि मॅट अ‍ॅडम्सचा होमरन. ३-२, मोसम खलास. त्यानंतर महिन्याभरानं, नोव्हेंबरात, ते दोन्ही पुरस्कार जाहीर झाले! मुलांना हे भलतंच विचित्र वाटलं. कारण साधं आहे. पुरस्कारांची मतं ऑक्टोबर सुरू होण्याआधीच पाठवायची असतात. पुरस्कार वर्षभराच्या कामाचा. ऑक्टोबराला त्यात जागाच नाही.

आणि २०१९. वॉशिंग्टन नॅशनल्सविरुद्ध निर्णायक पाचवा सामना, आठवी इनिंग, डॉजर्स ३-१ ने पुढे. कर्शॉच्या लागोपाठच्या दोन चेंडूंवर दोन होमरन, आधी रेंडन, मग सोटो. बरोबरी झाली आणि दहाव्या इनिंगमध्ये डॉजर्स हरले. डगआउटमध्ये मान खाली घालून एकटाच बसलेला कर्शॉ इथल्या प्रत्येक चाहत्याला आठवतो. सामन्यानंतर त्यानं कोणालाही दोष दिला नाही. माझ्या ऑक्टोबरबद्दल लोक जे म्हणतात ते आत्ता खरंच आहे, अशा अर्थाचं तो बोलला. त्याचा चाहता नसलेल्या माणसालाही तेव्हा गलबलून आलं असेल.

दुसऱ्या रविवारी पालकही वादात पडले. एका बाबांचं म्हणणं, इतर कुठल्या संघानं कर्शॉला माफ केलं असतं, पण डॉजर्सवाल्यांच्या मनात सँडी कोफॅक्स बसलाय. तोही डावखुरा, त्यालाही तीन साय यंग. पण पोस्टसीझनमधला त्याचा ईआरए ०.९५. १९६५ च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना तो फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर खेळला आणि समोरच्यांना एकही धाव करू दिली नाही. शेजारच्या घरात असा मोठा भाऊ असल्यावर धाकट्याचं काय होणार! मला ही तुलना थोडी अन्यायाची वाटते. कोफॅक्सच्या काळी मोसम संपला की थेट वर्ल्ड सिरीज. त्याच्या पोस्टसीझनच्या सगळ्या मिळून ५७ इनिंग. कर्शॉच्या जवळपास दोनशे, त्याही वेगवेगळ्या फेऱ्यांतून, वर्षानुवर्षं.

पण हाच आकडा कर्शॉच्या विरुद्धही जातो, आणि तो एका मुलानं बरोबर पकडला. नेहमीचा बचाव असा असतो की ऑक्टोबरचे सामने मोजकेच, चार-पाच दिवसांवरून माणूस कसा जोखायचा? दोनशे इनिंग म्हणजे मोजकं नव्हे, तो एक पूर्ण मोसमच झाला. त्या ‘मोसमात’ त्याचा ईआरए साडेचारच्या वर आहे. एकूण कारकिर्दीतला मोसमाचा ईआरए २.५३. ऑक्टोबरात समोर निवडक तगडे संघ असतात हे धरलं, तरी एवढी दरी त्यानं भरून निघत नाही. माझं स्वतःचं मत सांगायचं तर, तो ऑक्टोबरात खरंच कमी पडला. हे झाकून मुलांना गोड गोष्ट सांगण्यात अर्थ नाही, मुलं आकडे बघतात.

सांगलीहून आलेले एक आजोबा नातवाला न्यायला येत आणि अर्धा तास आधीच येऊन मागच्या बाकावर बसत. त्यांना बेसबॉलचा गंध नाही, पण वाद कळला. ते म्हणाले, “अरे, २००३ च्या विश्वचषकात सचिननं ६७३ धावा केल्या. आणि फायनलला? चार! स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच, आणि आम्ही रात्रभर त्यालाच बोल लावतोय.” मग थोडं थांबून स्वतःच म्हणाले, “समोर ३५९ होते, ते मात्र कोणी बोलत नव्हतं.” पिचरच्या वर्गात गोलंदाजांचा हिशेब आजोबांनी असा अचानक आणला, मजा वाटली.

पण सगळ्यात चांगला प्रश्न कविता अडकलेल्या मुलीचा होता. “काकू, दोन्ही वेळा सातव्या इनिंगलाच झालं, मग मॅनेजरनं त्याला आधी बाहेर का नाही काढलं?”

याचं उत्तर बेसबॉलमध्येच आहे. पिचर थकतो हे एक. दुसरं म्हणजे सातव्या इनिंगपर्यंत फलंदाज त्याला तिसऱ्यांदा भेटत असतात. दोनदा चेंडू पाहून झालेले असतात, डोळा बसलेला असतो. हे जवळजवळ प्रत्येक पिचरच्या बाबतीत घडतं. साधा पिचर असता तर मॅनेजरनं सहा इनिंगनंतर पाठ थोपटून बसवलं असतं. कर्शॉ होता म्हणून ठेवला, कमी विश्रांतीवर उतरवला, २०१९ मध्ये तर नेहमीचं काम सोडून मधेच आत बोलावला. उत्तम आहे म्हणून त्याच्याकडून जास्त मागितलं, आणि ते जास्तीचं जिथं तुटलं तिथं नाव त्याचं लागलं. प्रश्न विचारणारी मुलगी त्या गणेशोत्सवात शेवटच्या क्रमांकाला होती. कार्यक्रम दोन तास लांबलेला, मुलं पेंगुळलेली, आणि कविता पाच कडव्यांची. पाठांतर चांगलं म्हणून तिलाच दिलेली. मी वर्गात हे काही बोलले नाही. तिच्या आईशी मात्र त्याच आठवड्यात फोनवर बोलले. आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “हो, शेवटचा नंबर होता खरा.”

मुलांनी २०१७ ही काढलं. ते काढणारच. त्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात कर्शॉनं सात इनिंगमध्ये ११ जणांना बाद केलं, एकच धाव दिली. मग ह्यूस्टनला पाचवा सामना, ४-० ची आघाडी त्याच्या हातून गेली, अखेर १३-१२ असा पराभव. त्या वर्षी ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज कॅमेऱ्यानं समोरच्या कॅचरच्या खुणा चोरत होते आणि कचऱ्याचा डबा बडवून आपल्या फलंदाजाला पुढचा चेंडू सांगत होते, हे २०२० च्या जानेवारीत चौकशीत उघड झालं. संघाला दंड झाला, मॅनेजरची नोकरी गेली, विजेतेपद मात्र तसंच राहिलं. “म्हणजे पेपर फुटला होता!” एक मुलगा ओरडला. हा शब्दप्रयोग त्याला कुठून माहीत, कोण जाणे. पण मी त्यांना एवढंच म्हटलं की २०१३, २०१४, २०१९ ला डबा कोणी बडवत नव्हतं. एका खऱ्या सबबीखाली बाकी सगळं ढकलायचं नाही.

आणि २०२० ची सिरीजही त्याच पानावर लिहायला लावली, कारण चोकर म्हणणारे ती विसरतात. टेक्सासमध्ये, त्याच्या गावापासून जवळच, टॅम्पा बे रेजविरुद्ध दोन सामने तो खेळला आणि दोन्ही जिंकले. १९८८ नंतर डॉजर्सना पहिलं विजेतेपद मिळालं. कर्शॉचा जन्म १९८८ चाच.

ज्या शिक्षकांना हा उपक्रम आपल्या वर्गात घ्यायचा असेल त्यांनी खेळाडू कोणताही घ्यावा, क्रिकेटचा घेतला तर आपल्याकडे सोपंच. निबंध लिहून झाला की मुलांना मोठ्या सामन्यांचा तक्ता करायला लावायचा. तारीख, किती विश्रांती होती, कोणत्या टप्प्याला गडबड झाली, आधी काय चांगलं झालं होतं. मग निबंधातलं एखादं विशेषण त्यांनी स्वतःच बदलावं किंवा ठेवावं. शिक्षकांनी शब्द सुचवायचा नाही. आमच्याकडे त्या मुलानं ‘चोकर’ खोडलं नाही. पुढे कंसात ‘सातव्या इनिंगला’ एवढं लिहिलं. मी लाल पेन लावलं नाही.

तिसऱ्या रविवारी तक्ता पुरा झाला. त्यात दोन ओळी अशा होत्या की इनिंगच्या रकान्यात हुबेहूब सारखं, इनिंगचा एक तृतीयांश, म्हणजे एकच फलंदाज बाद. पहिली ओळ ऑक्टोबर २०२३ ची, अ‍ॅरिझोनाविरुद्ध : एक बाद, सहा धावा, कर्शॉ पहिल्याच इनिंगमध्ये मैदानाबाहेर. दुसरी ओळ २७ ऑक्टोबर २०२५ ची, टोरंटोविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना. बरोबरी होऊन सामना लांबलेला, बारावी इनिंग, तिन्ही बेस भरलेले, दोन बाद. सदतीस वर्षांचा कर्शॉ एकाच फलंदाजासाठी आत आला. तीन बॉल, दोन स्ट्राइक, आणि मग एक हळू सरपटता चेंडू, तो पहिल्या बेसवर बाद. सामना अठराव्या इनिंगला डॉजर्सनी जिंकला, पुढे सिरीजही. कर्शॉनं टाकलेलं ते शेवटचंच.

कविता अडकलेल्या मुलीनं त्या ओळीपुढच्या धावांच्या रकान्यात शून्य लिहिलं, आणि विश्रांतीच्या रकान्यात काय लिहायचं ते मला विचारायला आली.