विसर्ग किती आणि घर कुठे?

पावसाळ्यात ‘भिडे पूल पाण्याखाली’ ही बातमी आली की पुणेकर छत्री घेऊन पूर बघायला निघतात. आमच्या क्षेत्रात या गर्दीला नावं ठेवायची पद्धत आहे. मी ठेवत नाही. वर्षातून एकदा का होईना, नदीकडे बघणारा माणूस माझ्या कामाचा असतो. त्याला मी एकच विचारतो, पूल बुडाला तेव्हा खडकवासला धरणातून किती क्युसेकचा विसर्ग चालू होता? बहुतेकांना सांगता येत नाही.

मी सोसायट्यांत, शाळांत, वस्त्यांत आपत्तीच्या तयारीचे वर्ग घेतो. भूकंप, आग, दरड, वीज, पूर अशी यादी तासाभरात उरकणाऱ्या व्याख्यानांवर माझा विश्वास नाही. भूकंपात टेबलाखाली शिरायचं हे मुलांना एका तासिकेत येतं आणि यावंच. १९६७ साली कोयनेचा भूकंप पुण्यालाही जाणवला होता. पण या शहराचा खरा अभ्यासक्रम पाण्याचा आहे, आणि त्यात दोन वेगवेगळी घड्याळं आहेत: एक मुठा नदीचं, दुसरं ओढ्यांचं.

मुठेचं आधी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, त्या दिवशी विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला होता. म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. खडकवासला साखळीतली चार धरणं मिळून २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठवतात, पण शहराच्या उशाशी असलेल्या खुद्द खडकवासल्याची क्षमता दोन टीएमसीही नाही. पूर्ण रिकामं असलं तरी एवढ्या वेगाने पाणी आलं तर ते सोळा तासांत काठोकाठ भरेल. आणि जुलैअखेर ते रिकामं असतं कुठे? म्हणून ‘वरचं पानशेत अजून भरायचंय, आपल्याला काय भीती’ हा सिंहगड रस्त्यावर हमखास ऐकू येणारा हिशोब चुकीचा आहे. शिवाय धरणाच्या खाली पडणारा पाऊस विसर्गाच्या आकड्यात धरलेलाच नसतो.

पुराच्या निळ्या आणि लाल रेषा सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोक याचा अर्थ ‘२०२४ ला येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत’ असा घेतात. तो शुद्ध भ्रम आहे. दर वर्षी पंचविसात एक अशी ती शक्यता असते. एका वर्षी पूर आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही.

मुठेचं घड्याळ किती वेळ देतं, हे जुन्या पुरात दिसतं. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेत धरण फुटलं. बांधकाम पूर्ण होण्याआधीच त्यात पाणी अडवलं होतं. आदल्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते. ते पाणी खडकवासल्यात आलं आणि एकोणिसाव्या शतकातलं ते दगडी धरण काही तासांनी कोसळलं. माझ्या धंद्याच्या दृष्टीने सगळं त्या काही तासांत आहे. आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही: पूर ओसरला आणि शहराचे नळ कोरडे पडले, कारण पाणी खडकवासल्यातूनच यायचं. म्हणून पुराच्या तयारीत प्यायचं पाणी भरून ठेवणं मी पहिल्या ओळीत लिहितो. ऐकणारे हसतात.

ओढ्याचं घड्याळ फार वेगळं आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढा अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनीत घुसला. शहर आणि परिसरात त्या पावसाने वीसहून अधिक जीव घेतले. तिथे ना धरणाचा दरवाजा, ना विसर्गाचा आकडा, ना भोंगा. कात्रजच्या डोंगरावर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की पाणी थेट खाली येतं. याच ओढ्याचा प्रवाह पेशवाईत नानासाहेबांनी वळवला होता. आपण पुढे त्याला भिंतींमध्ये आवळत नेलं, आणि त्या रात्री माणसं सीमाभिंती कोसळूनही मेली. ओढ्याकाठच्या वस्तीला मी सामान वर न्यायला शिकवत नाही. भिंतीपासून दूर व्हा, उंचावर चढा, गाडी सोडून द्या, एवढंच. पाण्यात अडकलेली दुचाकी काढायला जाणारा माणूस माझ्या झोपेत येतो.

मुठेकाठच्या सोसायट्यांना मात्र कामाला वेळ मिळतो, आणि तिथे मी चिवट माणूस होतो. विजेचे मीटर पार्किंगमध्ये, गुडघ्याच्या उंचीवर का? लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद कोण करणार? जमिनीखालच्या टाकीचं झाकण घट्ट बसतं का, की ड्रेनेजचं पाणी आत जाणार? ‘अहो, आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे,’ असं एक काका दर सभेत म्हणतात. काका, पंप तळमजल्यावर आहे.

विसर्ग वाढवत असल्याचा संदेश व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येतो, पण पहाटे तीनला ग्रुप झोपलेला असतो. जागा असतो तो वॉचमन, आणि त्याला कुणी ग्रुपमध्ये घेतलेलंच नसतं. ‘तो आपला मेंबर नाही ना,’ असं उत्तर मिळतं. वर्गाच्या शेवटी सेक्रेटरीच्या हातात मोबाइल देऊन मी आधी वॉचमनचा नंबर टाकायला लावतो. मग त्याला एक शिट्टी आणि तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांच्या दारांची यादी. हे होईपर्यंत मी चहा घेत नाही.